विरजणाची वाटी

शिवकन्या दुधाची चरवी घेऊन गोठ्यातून वळली अन् दारात उभ्या माणसावर धाडकन आदळली. अर्धं दूध त्याच्या सदऱ्यावर!

"अगं बया! वरडायचं तरी..."

"इरजण पायजे हुतं," तो सदरा झटकत म्हणाला. "आईनं धाडलंय."

शेजारच्या सुभद्राबाईंचा उत्तरेश्वर हा! हैदराबादेत डाक्टरी शिकणारा, सुट्टीला घाटनांदूरला आलेला. त्या दिवसापासून रोज सकाळी वाटी दारात हजर. अन् बोलणं तरी काय, तर विलायतेत नुकताच लागलेला कसलासा शोध!

"आपण खाल्लेली भाकर शेवटी अंगातल्या बारीक बारीक पेशींत जाते. तिथं एक आम्ल आधीच वाट बघत असतं. भाकरीचा अंश त्याला मिळाला की लिंबात असतं ते आम्ल तयार हुतं. मग ते बदलत जातं, आपल्याला ताकद देतं, नको ते श्वासातून बाहेर... आन् शेवटी पहिलं आम्ल परत तयार! असं हे चक्र!"

"म्हंजी पुढच्या घासाला मोकळं?"

"लई हुशार हायेस तू," तो म्हणायचा, अन् असा बघायचा की शिवकन्येला पदर कुठं ठेवावा कळायचं नाही.

आज मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकरी करपली, वासरू भलत्याच गायीला सोडलं. उद्या वडवणीचे पाहुणे येणार होते, अन् वडील आप्पाराव होकार देऊन मोकळे होणार होते. हा बाबा मात्र चक्राभोवतीच फिरत होता!

"उद्या मला बघायला येणार हायेत," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "असं... मग... त्या चक्रात पुढं—"

"जळो मेलं तुमचं चक्र!" वाटी ओढून घेता घेता ती थबकली. "थांबा. पहिलं आम्ल शेवटी उरतं म्हंता ना?"

"उरावंच लागतं. न्हाईतर चक्र बंद."

"इरजणाचंबी तसंच की! चमचाभर दही उद्यासाठी ठेवायचं. तुमची आई एवढी सुगरण... तिच्याच घरी रोज कावून संपतं?"

उत्तरेश्वर कानापर्यंत लाल झाला.

"मीच... गाडगं पुसून खातो."

"कावून?"

"तुला बघायला मिळावं म्हणून..."

शिवकन्येला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. रागही आला. एवढं शिकलेला माणूस, अन् तोंडाला कुलूप! तिनं वाटी त्याच्या हातात पालथी ठेवली.

"आज इरजण मिळणार न्हाई. आईला धाडा. पाव्हणे यायच्या आत!"

दुसऱ्या दिवशी गाई रानात जायच्या आधीच सुभद्राबाई ओसरीवर येऊन बसल्या.

"आप्पाराव, माझ्या पोरानं घरात दही टिकू दिलं न्हाई. आता इरजण नगं, तुमची लेकच द्या."

आप्पारावांनी दाराआडच्या लेकीकडं पाहिलं. ती पदरात तोंड खुपसून हसत होती. सगळं उमगलं त्यांना.

"आन् मग आमच्या घरी इरजण कोण लावायचं?"

कुंपणापलीकडून लगेच आवाज आला, "मी आणून दीत जाईन की, मामा!"

कालपर्यंत त्यांना काका म्हणणारं पोरगं! आप्पाराव खो खो हसत सुटले, अन् हसता हसताच त्यांनी गड्याला वडवणीच्या वाटेला लावलं.