पहिली पंधरा मिनिटं

वॉर्डाच्या दारात छत्री झटकणाऱ्या तरुणाकडे हरणानं नीट पाहिलंही नाही. भेटायची वेळ संपली, उद्या या, असं तिनं सांगून टाकलं. तो ओशाळून हसला.

"सिस्टर, मी भेटायला नाही आलो... मीच पेशंट आहे."

सांगलीतली ती पंच्याहत्तर सालची श्रावणातली दुपार. तरुणाचं नाव कृष्णात; विश्रामबागच्या एका कॉलेजात तो कारकून होता. त्याच्या अंगात रक्त तयार होणंच थांबलं होतं. आता दर महिन्याला रक्ताची बाटली चढवायची.

हरणा कामाला चोख. बाटलीवरचं नाव, नंबर, रक्तगट दुसऱ्या सिस्टरबरोबर ताडून बघायची, मग त्यालाही नाव विचारायची. रक्त सुरू झालं की पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही, हा नियम. मनगट धरून ती नाडी मोजायची.

"किती भरली?"

"ब्याण्णव."

"हात सोडा सिस्टर, मग खरी मोजता येईल..."

हसू दाबत ती घड्याळाकडे बघायची. तेवढ्या मिनिटांत त्यानं लोणंदजवळचं गाव सांगितलं, एकटी राहणारी आई सांगितली. तिनंही हळूहळू मन मोकळं केलं.

महिन्याचं अंतर तीन आठवड्यांवर आलं, मग दोनवर. तो लवकर येणार म्हणून ती आरशासमोर जास्त रेंगाळू लागली. आणि एका सकाळी तिच्या ध्यानात आलं — तो लवकर येतोय म्हणजे काय होतंय! चादरींच्या खोलीत जाऊन ती पोटभर रडली.

माघात, बाटली लावल्यावर आठव्याच मिनिटाला त्याला हुडहुडी भरली. कंबर फुटतेय, म्हणाला. तिनं तत्क्षणी रक्त बंद केलं, नळी बदलून सलाईन लावलं, डॉक्टरांना बोलावलं, बाटली तपासणीला ठेवली. त्या दिवशी तो वाचला. पण इतक्या बाटल्यांनंतर त्याचं शरीर दुसऱ्याचं रक्त घेईना. जुळणारं रक्त ना मिरजेत मिळालं, ना पुण्यात.

आई बनाबाई त्याला घरी न्यायला आली. ती डिस्चार्जचे कागद आणायला गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "बरा असतो तर तुला मागणी घातली असती."

"आजारी माणसानं घालू नये, असं कुणी सांगितलं?"

"मग... घातली."

"मी हो म्हटलं," हरणा म्हणाली.

चौथ्या दिवशी रजा काढून ती लोणंदला उतरली, चालत गावात पोचली. बनाबाईनं काही न विचारता तिला आत घेतलं. दोन दिवस हरणा त्याचे ओठ ओले करत बसून राहिली. करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला.

जमलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. ही कोण? कुठल्या घरची? हरणा उठून बाजूला निघाली. बनाबाईनं तिचा हात धरला, ओढून जवळ बसवलं.

"माझी सून हाय ती," ती बायकांना म्हणाली. "रडू द्या तिला."