सहाशे एकोणिसावी नक्षी

जपानातल्या योसानोच्या खोऱ्यात घरोघरी रेशमाचे माग आहेत. पुढे राहतं घर, मागच्या अंगाला कारखाना. व्यापारी संघातर्फे मी या कारखान्यांतून फिरतो आणि संगणक कसे सांभाळायचे ते शिकवतो. पडद्याला चिकटवलेला पासवर्डचा कागद काढायला लावायचा, पत्रासोबत आलेली फाइल उघडण्याआधी फोन करून खात्री करा म्हणून बजावायचं, आणि माग ज्यांवरून विणतात त्या नक्ष्यांच्या फाइलींची एक प्रत कशालाही न जोडता दुसऱ्या जागी ठेवून द्यायची. लोक मला चहा पाजतात आणि माझं म्हणणं विसरून जातात.

हामाओकांच्या घरी मी हट्टाला पेटलो होतो. एप्रिलमध्ये त्यांच्या सहाशे अठरा नक्ष्या स्वतः एका डिस्कवर उतरवल्या, डिस्क पत्र्याच्या डब्यात घातली, झाकणावर माझ्या सहीचा कागद डकवला आणि डबा पलीकडच्या गल्लीतल्या भाताच्या कोठारात ठेवला.

नोव्हेंबरात, दिवसातून दहा वेळा पाऊस येतो-जातो त्या दिवसांत, तेरुयोबाईंनी संगणकावर आलेलं एक पत्र आणि त्यासोबतची फाइल उघडली. तेरुयोबाई म्हणजे मालक तेत्सुओ यांची बायको. पत्र क्योतोच्या जुन्या व्यापाऱ्याचं वाटत होतं. पत्त्यात एक अक्षर तेवढं वेगळं होतं. तासाभरात पाचही माग थांबले. एकही नक्षी उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती.

मी पोचलो तेव्हा कारखान्यात पावसाचा आवाज ऐकू येत होता. एरवी तिथे शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तेत्सुओ बायकोकडे पाहत नव्हते. लग्नाच्या हंगामाचं कापड तीन आठवड्यांत द्यायचं होतं, आणि ते गेलं नाही तर माग विकायचे असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

त्यांची आई फुमिए आजी कोपऱ्यात धाग्याची टोकं जोडत बसल्या होत्या. "इतके दिवस येऊन कटकट करत होतास," त्या मला म्हणाल्या. "आता काय करायचं ते कर."

मी सगळ्या तारा काढल्या. पोलिसांत कळवलं, खंडणी द्यायची नाही असं सांगितलं, आणि कोठारातून डबा आणवला. सहीचा कागद जसाच्या तसा होता. नव्या, कशालाही न जोडलेल्या संगणकावर डिस्क लावली. चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला सगळ्या नक्ष्या परत आल्या.

मोजल्या. सहाशे एकोणीस भरल्या.

जास्तीच्या फाइलला नाव नव्हतं. तारखेची जागा कोरी होती. मी एप्रिलची यादी काढून एकेक नक्षी ताडून पाहिली. सहाशे अठरा तंतोतंत जुळल्या. मधल्या काळात डिस्क कुठेही जोडली गेल्याची खूण नव्हती. हल्लेखोरांनीच काही पेरलं असेल म्हणून मी ती फाइल तीन प्रकारे तपासली. आत फक्त काळ्या-पांढऱ्या चौकटी होत्या, हातरुमालाएवढं कापड विणता येईल इतक्याच.

"लावून बघू," तेरुयोबाई म्हणाल्या.

अनोळखी फाइल चालवायची नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. तरी मी एक माग बाकीच्यांपासून तोडून दिला. का दिला, ते आजही सांगता येत नाही.

पांढऱ्यावर पांढरं विणकाम समोरून दिसत नाही. उजेड तिरपा पडावा लागतो. वीतभर कापड झाल्यावर तेरुयोबाईंनी दिवा बाजूला धरला आणि छपरं दिसली. बर्फाखालची गवती छपरं, अंगणात विहीर, विहिरीवर वाकलेला पाइन. कौलं चढलेलं एकच घर.

नक्षी हातभर झाली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हायला हवी होती. झाली नाही. पुढचं घर आलं, त्याच्या पुढचं आलं. फाइलमध्ये इतकं मावणं शक्य नव्हतं. मी दोनदा हिशेब केला, मग कागद खिशात ठेवला.

फुमिए आजी उठून मागापाशी आल्या होत्या. शंभरएक वर्षांपूर्वीच्या भूकंपात हा गाव पडला आणि जळाला, बर्फामुळे दारं लावून बसलेली माणसं आत अडकली, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आजींच्या सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील नक्ष्या काढायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी चौकटीच्या कागदावर गल्लीतलं घर न् घर उतरवलं होतं. कागद विणला गेला नाही. घराबरोबर जळाला, आणि तेही जळाले.

"सासूबाई मला घरं ओळीनं म्हणून दाखवायच्या," आजी म्हणाल्या. "आता रंगाऱ्याचं येईल."

रंगाऱ्याचं घर आलं. दारात रांजण होते.

"सुईणीचं. मग तेल्याचं, दोन दारांचं."

दोन दारं आली.

तेत्सुओ केव्हाचे मागे उभे होते. चार दिवसांत पहिल्यांदाच ते बायकोशी बोलले. "तेरुयो, दिवा जरा खाली धर."

संध्याकाळपर्यंत शेजारपाजारचे लोक आले. ओल्या छत्र्या बाहेर ठेवून, मान कापडाच्या पातळीला आणून ते एकेक घर पाहत होते. एक म्हातारा गृहस्थ आपल्या आजोबांच्या दारापाशी आल्यावर वाकून नमस्कार करत राहिला. शेवटचं घर झालं तेव्हा बारा मीटर कापड झालं होतं. माग आपोआप थांबला.

ती फाइल पुन्हा उघडली तेव्हा तिच्यात एकही काळी चौकट नव्हती.

बाकीचे माग दुसऱ्या दिवशी सुरू झाले. हंगामाचं कापड वेळेत गेलं. मी नवे पासवर्ड घालून दिले, आणि व्यापाऱ्याचं पत्र आलं की तेरुयोबाई आधी फोन उचलू लागल्या.

ते बारा मीटर कापडही बाकीच्या ठाणांबरोबर धुलाईला गेलं. रेशमाच्या धाग्यावरचा डिंक उकळून काढल्याशिवाय आमच्या कापडाला त्याची खासियत असलेली बारीक सुरकुती येत नाही. आठवड्यानं ते परत आलं, मऊ आणि आखडलेलं. आम्ही चौघांनी ते खिडकीशी तिरपं धरलं.

विणलं तेव्हा सगळी दारं बंद होती. बर्फ पडत होतं, लोक घरात होते. प्रत्येक उंबऱ्याशी चपला होत्या.

आता सगळी दारं उघडी होती. तेरुयोबाईंनी पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत बोट फिरवलं. एकाही उंबऱ्याशी चपला नव्हत्या.