काउंटेसचा रिकामा कप्पा

हस्तिदंतावरची चित्रं हाताळताना आम्ही श्वाससुद्धा जपून सोडतो. ज्यावर चित्र असतं ती हस्तिदंताची चकती इतकी पातळ असते, की जरा दमट हवा लागली तरी वाकते. राजवाड्याच्या संग्रहातल्या असल्या बोटभर सरदार-सरदारणींची डागडुजी माझ्याकडे आहे, आणि त्यांचे फोटो काढायचं काम माझ्या नवऱ्याकडे, हार्टविगकडे. आमचं जमलंही तिथेच. लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, हा एकटा माझ्याकडे. तो फोटो मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलाय.

काउंटेस क्लोटिल्डे माझ्या टेबलावर आली ती वसंतात, एका लॉकेटमध्ये. निळा झगा, पावडर लावलेले केस, नजर डावीकडे, चौकटीबाहेर. अशा लॉकेटच्या पाठीला काचेखाली एक कप्पा असतो. त्यात आवडत्या माणसाच्या केसांची छोटी वेणी ठेवायची तेव्हा रीत होती. क्लोटिल्डेचा कप्पा रिकामा होता.

हार्टविगचे तिचे फोटो काही संपेनात. एकदा जेवताना म्हणाला, "बिचारीला कुणी केससुद्धा दिले नाहीत गं."

"मग तू दे. आहेत तेवढे."

एरवी टकलावरच्या विनोदाला तो सगळ्यांत आधी हसतो. त्या दिवशी हसला नाही.

मग तो कामावर लवकर जायला लागला. त्याच्या फोटोच्या खोलीच्या दाराआडून तिच्याशी बोलतानाचा त्याचा आवाज ऐकू यायचा. आमच्या पहिल्या वर्षी तो माझ्याशी त्या आवाजात बोलायचा. माझा नुसता जळफळाट होत होता. दोन इंचांची सवत, कुणाला सांगणार?

एका दुपारी मी त्याचे फोटो ओळीने मांडले. पहिल्यात नजर डावीकडे. पुढच्यात जरा कमी. शेवटच्यात ती सरळ समोर बघत होती, फोटो काढणाऱ्याकडे.

कुणीतरी डोळे पुन्हा रंगवले असणार. मी लॉकेट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. डोळ्यांवरून गेलेल्या जुन्या भेगा जशाच्या तशा होत्या. नवा रंग कुठेच नव्हता.

मी लॉकेट उलटं केलं.

कप्प्यात वेणी होती. तांबूस केसांची, मधून एक पांढरी बट. हार्टविगच्या डाव्या कानावर लहानपणापासून तशी बट आहे.

कप्पा बंद राहावा म्हणून काचेच्या कडेला चिकटवलेली जनावराच्या आतड्याची पातळ पट्टी पिवळी पडली होती. ती दोनशे वर्षांत कुणी उचकटली नव्हती.

अशी पट्टी परवानगीशिवाय कापायची नाही, हे मीच नव्या लोकांना शिकवते. मी ती कापली. वेणी कोमट लागली. माझ्या माणसाचे केस मी तिच्याकडे ठेवणार नव्हते. घरी येऊन मी ती शेगडीत टाकली, आणि जळून जाईपर्यंत तिथून हलले नाही.

संध्याकाळी हार्टविग वेळेवर आला. मसुराचं सूप दोनदा मागून घेतलं.

"कसला वास येतोय गं?"

"दूध उतू गेलं."

मग तो बोलत बसला, त्याच जुन्या मऊ आवाजात. माझा जीव भांड्यात पडला.

फक्त तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्याशेजारी बघत होता.

मी खुर्ची तिकडे सरकवली. त्याची नजर आणखी पलीकडे गेली.

मी भिंतीकडे वळले.

लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. हार्टविग डावीकडे, चौकटीबाहेर.