शब्बाथ सुटल्यावरची रात्र

“त्या खुर्च्यांना हात लावू नका!”

चष्मेवालीचा आवाज सभागृहात असा कडाडला, की शिडीवर चढलेला तरुण पडता पडता वाचला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा गुलाबी बदाम होता. गाण्याच्या तालमीसाठी तिनं दुपारीच ओळीत लावलेल्या खुर्च्या आता दोन-दोन, एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या.

“माफ करा… नुसतं मांडून बघत होतो. या तुमच्या आहेत?”

“खुर्च्या प्रार्थनालयाच्या आहेत. ओळी माझ्या होत्या! तुम्ही कोण?”

“दातांचा डॉक्टर. या गावात नवीन आहे. युवक मंडळाचं काम माझ्याकडे आलंय.”

“मग दात काढा ना. आमच्या ओळी कशाला मोडताय?”

तो हसला, आणि तिचा पारा आणखी चढला. भांडताना समोरचा हसलेला तिला अजिबात खपत नसे. त्यातून ते हसणं छान असलं तर मुळीच नाही.

तिचं चष्म्याचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं आणि सगळी यहुदी वस्ती तिला चष्मेवालीच म्हणायची. तिला लहानाची मोठी केली ती मावशीनं. लग्नघरांत बायका म्हणायच्या ती जुनी गाणी आता एकट्या मावशीलाच येत होती, आणि ती मावशी महिनाअखेर समुद्रापलीकडे, मुलाकडे, कायमची राहायला निघाली होती. जाण्याच्या आदल्या रात्री, शब्बाथ म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा सुटल्यावर, ती गाणी तरुण पोरांच्या कानांवर एकदा तरी पडावीत, म्हणून चष्मेवालीनं हा सगळा घाट घातला होता. आणि नेमक्या त्याच रात्री, त्याच सभागृहात, या दातवाल्यानं उपवर मुलामुलींचा मेळावा ठेवला होता! बाहेरगावाहून भरलेली गाडी यायची होती.

ती तडक शम्मशकाकांकडे गेली. प्रार्थनालयाची देखभाल त्यांच्याकडे, आणि सभागृह कुणाला द्यायचं तेही तेच ठरवायचे.

“काका, शब्बाथ सुटल्यावरची रात्र मी मागितली होती की नाही?”

“दिली की. रविवारची रात्र.”

“अहो, शनिवारची!”

“सूर्य बुडाला की आपला वार बदलतो, शनिवारी रात्री रविवार लागतो. पाळण्यातलं पोरही सांगेल. त्या डॉक्टरांनी विचारलं, शनिवार मोकळा आहे का? म्हटलं, प्रार्थना सोडली तर मोकळा आहे, गाणी रविवारी रात्री आहेत. त्यांनी शनिवारची रात्र धरली, यात माझं काय चुकलं?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला जास्त संताप आला. मनसोक्त ओरडायला कुणी उरलंच नव्हतं.

वाद विश्वस्तांच्या सभेत गेला, तर तिथे प्रार्थनालयाच्या अध्यक्षांनी कमालच केली. “गाणी काय, पुढच्या वर्षीही होतील. आपण मूठभर माणसं, पोरांची लग्नं व्हायला नकोत का? हवं तर जेवणं चालू असताना म्हणा दोन गाणी.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पुढच्या वर्षी मावशी कुठून आणू? आणि लग्नं जुळवाल हो, त्या लग्नांत गाणार कोण? स्पीकर?”

डॉक्टर तिच्याकडे बघत होता. तोच म्हणाला, “आधी गाणी, मग मेळावा. मेळाव्यातले खेळ मी रद्द करतो.” अध्यक्षांनी नाक मुरडलं, पण ठरलं तसंच.

मग तो तालमींना यायला लागला. दवाखाना बंद करून, बाह्या दुमडलेल्या, शेवटच्या रांगेत.

“तुम्हाला मेळाव्याचं काम नाही का?”

“हे मेळाव्याचंच काम आहे. बदाम तुम्हाला आवडले नाहीत, म्हणून काढले. आता काय लावू?”

“तोंडाला कुलूप लावा.”

“लावतो… पण मग गाण्यांचं कौतुक कसं करू?”

ती झटकन वळली. हसू आलेलं त्याला दिसायला नको होतं. एखाद्या दिवशी तो आला नाही की ती मावशीवर उगाच करवादायची. मावशी काय दूधखुळी होती?

“पोरी, परक्या माणसाशी कुणी एवढं भांडतं का गं?”

“मावशी, तू गप बस!”

आणि तो शनिवार आला. गाडी भरून मुलंमुली आली, पण सभागृहात अजून अंधार होता. आकाशात तीन तारे दिसल्याशिवाय शब्बाथ सुटत नाही, आणि तो सुटल्याशिवाय प्रार्थनालयाच्या आवारात दिव्याच्या बटणाला कुणी हात लावत नाही. तारे बघायला चष्मेवाली अंगणात आली. तो आधीच मान वर करून उभा होता.

“दोन दिसले,” ती म्हणाली.

“तिसरा तो काय, झाडावर.”

“ते विमान आहे! आणि तुम्ही डोळे का बारीक करताय? लांबचं दिसत नाही ना तुम्हाला? लोकांच्या तोंडात अवजारं घालता आणि स्वतःला चष्मा नको! लाज नाही वाटत?”

“दात जवळ असतात हो.”

“आणि मी?” ती बोलून गेली, आणि जीभ चावली.

“तुम्ही…” तो हळूच म्हणाला, “तुम्ही आत्ताच जरा जवळ आलात.”

“अरे, तारे बघताय की आणखी काही?” दारातून शम्मशकाका ओरडले. “तिसरा कधीचा निघालाय. लावा दिवे!”

मावशी गायला बसली. मागे बायकांनी सूर धरला. दुसरं गाणं संपतंय तोच अध्यक्षांनी माइक हातात घेतला. “वा, छान! आता मुख्य कार्यक्रमाकडे वळू या.”

तिसऱ्या गाण्यासाठी उघडलेलं मावशीचं तोंड मिटलं. चष्मेवाली उसळून उठली, पण तिच्या आधी दुसराच आवाज चढला.

“अध्यक्षसाहेब, बसा खाली! हाच मुख्य कार्यक्रम आहे.” डॉक्टरचे कान लाल झाले होते. “मेळावा माझा आहे, म्हणून सांगतोय. ओळखी मागाहून होतील. मावशी उद्या जाताहेत. मावशी, म्हणा तुम्ही. सगळी म्हणा!”

अध्यक्ष बसले. मावशीनं सगळी गाणी म्हटली. पाचव्या गाण्याला बाहेरगावच्या एका मुलीनं ध्रुवपद उचललं, मग तिच्या शेजारच्या मुलानं, आणि शेवटी तर पोरंच मावशीला थांबू देईनात. चष्मेवाली खांबाआड उभी राहून चष्म्याच्या काचा पुसत होती. तो शेजारी येऊन उभा राहिला.

“रागावलात?”

“हो! माझ्या वाटणीचं भांडण तुम्ही भांडलात.”

“पुढची सगळी तुम्ही भांडा… मला एक विचारायचंय. उद्या डोळे तपासायला दुकानात येतो, तेव्हा विचारीन.”

“उद्या?” ती भडकली. “उद्या सकाळी मावशी जातेय! जिनं मला वाढवलं तिनं हे फोनवर ऐकायचं? काय विचारायचं ते आत्ता विचारा, तिच्यासमोर विचारा!”

आणि त्याची बाही धरून तिनं त्याला मावशीपुढे नेऊन उभं केलं. बिचाऱ्याला घाम फुटला.

“मावशी, मला हिच्याशी…”

“ती भांडते फार,” मावशी म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग तिलाच विचार की.”

त्यानं विचारलं. अगदी हळू, तिला एकटीला ऐकू जाईल एवढंच.

“हो,” ती म्हणाली, आणि लगेच कडाडली, “पण एवढा वेळ लावतात का!”

मावशीनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं, चष्मेवालीची हनुवटी धरली आणि एक गाणं सुरू केलं. घरच्या नवरीसाठी, ती समोर असतानाच म्हणायचं गाणं. चष्मेवालीनं ते जन्मात ऐकलं नव्हतं.

“हे मला कधी शिकवलं नाहीस तू!” ती रडत रडत भांडायला लागली. “लपवून ठेवलंस! तसंच घेऊन जाणार होतीस?”

“गप बस,” मावशी म्हणाली, “आणि ऐक.”