शेवटचा वाफा

शस्त्रक्रियेत हृदय थांबवलं की माणसाचं रक्त यंत्रातून फिरवत ठेवायचं, हे नूतनचं काम. जळगावच्या त्या दवाखान्यात दहा वर्षं ती ते करत होती. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तिला हसू यायचं.

त्या मंगळवारी टेबलावर एरंडोलकडचे चुडामण आबा होते. झडप बदलायची होती. पण आबांना मूत्रपिंड एकच. डावं त्यांनी धाकट्या भावाला, वनाला दिलेलं. वना तरी सहा वर्षांनी गेलाच. उरलेलं दुखावलं तर हृदय दुरुस्त होऊन उपयोग काय? दारातच आबांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, नूतनचा हात धरला होता.

"ताई, तेवढं एक संभाळी ल्या."

हृदय थांबलं. यंत्र घुमू लागलं. अकराच्या सुमाराला नूतननं लघवीच्या पिशवीकडे पाहिलं, तर वीस मिनिटांत थेंब नाही. रक्तदाबाचा आकडा मात्र पुस्तकात असतो तस्सा.

मग वास आला. औषधांच्या त्या गार खोलीत, भिजलेल्या काळ्या मातीचा. आणि कानाशी, अगदी हळू...

"शेवटला वाफाले पानी भेटनं का, ताई...?"

ती वळली. मागे कोणी नव्हतं. सगळे आबांच्या छातीवर वाकलेले. नूतनच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच क्षणी तिला उमगलं. आबांचा रोजचा दाबच चढा. इतरांना पुरणाऱ्या दाबानं रक्त त्यांच्या मूत्रपिंडापर्यंत, त्या शेवटच्या वाफ्यापर्यंत, पोचतच नव्हतं.

"डॉक्टर, दाब थोडा वर नेते."

"ने," डॉ. नवल मान वर न करता म्हणाले.

तिनं बटण हळूहळू फिरवलं. एक थेंब पडला. मग दुसरा. मग बारीक धार लागली. नूतनचे डोळे भरून आले.

"दोन्ही भरनात..." आवाज म्हणाला, आणि वास गेला.

बाहेर येऊन तिनं सुगंधाबाईंना सगळं सांगितलं. त्या मटकन बाकावर बसल्या.

"वनाभाऊ असंच ईचारेत... केळीले पानी देताना."

तिसऱ्या दिवशी आबांच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी झाली. नूतन मुद्दाम थांबली होती. तपासणारी डिंपल नवीन. तिनं जुने कागद पाहिलेच नव्हते.

"छान आहेत. दोन्ही."

"दोन्ही? डावीकडे परत बघ."

डिंपलनं पुन्हा पाहिलं. तिचा हात थबकला. "आता... काहीच नाही इथे. पण ताई, मी मापं घेतली होती!"

यंत्रातून चित्र छापून आलं. त्यात डावं मूत्रपिंड ठसठशीत होतं. नूतननं कागद उचलला. तो खालून ओला होता, आणि तिच्या बोटांना काळी माती लागली.