साडेचारनंतरचे नापास

"नापास? बाबा, तुम्ही?" मिरची ओरडलीच!

"हळू बोल," बाबा म्हणाले. बसडेपोच्या फळ्यावर डोळ्यांच्या तपासणीची यादी लागली होती. नापास ड्रायव्हर सोमवारपासून बस धुणार!

"भांडा ना त्यांच्याशी!"

"शेवटची ओळ नाही दिसली मला, पोरी. काय तोंडाने भांडू?"

मिरचीला रडू यायला लागलं, म्हणून ती आणखीच चिडली. धाकटा ढब्बू मात्र यादीत नाक खुपसून उभा होता.

"ताई, आठही नापास तळाशीच कसे गं?"

"बिल्ल्याच्या नंबराने बोलावतात," बाबा म्हणाले. "आमची पाळी साडेचारनंतर."

दोघं तडक तपासणीच्या खोलीत घुसली. पाच वाजले होते. पाळी संपवून आलेल्या बस खिडकीला खेटून उभ्या, छताची ट्यूब बंद. मिरचीने रेघेवर उभं राहून तक्ता पाहिला. वरची अक्षरं दिसली. खालची म्हणजे नुसती मुंग्यांची रांग!

"तुझे तर घारीचे डोळे!"

"डोळे तेच आहेत रे! उजेड गेलाय! बारीक अक्षराला जास्त उजेड लागतो!"

"कसला अंधार?" हातातल्या कागदांत बघतच मागून डॉक्टर आले. "मला दिसतंय की! र, ट, न, ग, व! पळा आता!"

बाहेर बाबा म्हणाले, "जाऊ दे. आपलं कोण ऐकतंय?"

रात्रभर मिरची धुमसत राहिली. पण तक्त्याकडे न बघताच डॉक्टरांनी वाचलं कसं?

दुसऱ्या दिवशी शंभर विनवण्या केल्यावर पाच वाजता डेपो मॅनेजर आले. तोवर ढब्बूने आपलं काम उरकलं होतं.

"डॉक्टरकाका, शेवटची ओळ वाचता?"

"परत? र, ट, न, ग, व!"

मिरचीने टॉर्च मारला. शेवटच्या ओळीवर चिकटवलेल्या पट्टीवर तेवढ्याच बारीक अक्षरांत लिहिलं होतं : चहा गार झाला.

डॉक्टरांचं तोंड उघडंच राहिलं. "पंधरा वर्षांत पाठच झालाय हो तक्ता..."

"शाब्बास रे पोरांनो!" मॅनेजर म्हणाले. "आठही जणांची तपासणी पुन्हा! सकाळी अकराला, ट्यूब लावून!"

बाबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.

"आणि मागच्या वर्षीचे नापास?" मिरचीने विचारलं.

"तिघं नोकरी सोडून गेले," बाबा म्हणाले. "एकच राहिलाय."

मॅनेजर खाली बघत म्हणाले, "त्यालाही बोलाव."

मिरची धावत गेली. बस धुणाऱ्या त्या काकांनी सगळं ऐकलं, पण हातातला पाइप काही बंद केला नाही.

"वर्ष झालं गं स्टिअरिंग सोडून," ते म्हणाले. "येतो उद्या."

आणि ते पुन्हा चाक धुवायला लागले.