अण्णांच्या पायाचं शून्य

नसीम शिकलगारांची लाल दोन सीटांची गाडी उद्यमनगरच्या गल्लीत शिरली ती बकरीसारख्या उड्या मारतच. पहिल्या गिअरला एक गचका, दुसऱ्याला त्याहून मोठा. मगदूमांच्या गॅरेजच्या दारात तिनं शेवटची जी उडी घेतली, ती बघून समोरच्या चहाच्या टपरीवरचे दोघे कप हातात धरून मागं सरले.

"अण्णा!" दार आपटून नसीम उतरली. "वर्षातला हा दुसरा क्लच, आणि हासुद्धा असला! आता तिसरा तरी नीट निवडून द्या. नाहीतर गाडी विकून सरळ बॅटरीवाली घेते मी."

ही धमकी साधी नव्हती. कोल्हापुरात तोवर दहातल्या नऊ गाड्या बॅटरीच्या झाल्या होत्या. त्यांना ना गिअर, ना क्लच. माणसाचा डावा पाय गाडीत नुसता प्रवासी म्हणून बसायचा. क्लचच्या गाड्या उरल्या त्या हौशी लोकांकडं, आणि हे हौशी लोक साताऱ्यापासून बेळगावपर्यंत कुठलेही असोत, क्लच निवडायची वेळ आली की जिनगोंडा मगदूमांकडंच यायचे. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. वय अठ्ठावन्न, डोक्यावर पांढरी टोपी, आणि अंगात मस्ती म्हणाल तर विशीतल्या पोराची.

आता क्लच निवडायचा म्हणजे काय, हे क्लच न पाहिलेल्यांना सांगायला हवं. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये एक चकती असते. तिला म्हणायचं प्लेट. डाव्या पायानं पेडल दाबलं की इंजिन सुटं होतं, पाय उचलला की प्लेट इंजिनाला चिकटते आणि गाडी निघते. कुणी पाय चटकन उचलतो, कुणी सावकाश. साध्या गाडीत ते खपून जातं. जोरदार गाडीत मात्र पायाला साजेशी प्लेट नसली तर पंचाईत होते. सावकाश पायाला कडक प्लेट दिली की गाडी उड्या मारते, आणि चटकन सुटणाऱ्या पायाला मऊ दिली की प्लेट जळते.

म्हणून चार वर्षांपूर्वी पोटरीपट्टा निघाला. गुडघ्याखाली बांधायचा, पेडल दाबून सोडायचं. स्नायूंतून जाणारा बारीकसा विद्युतप्रवाह आणि पंजाची हालचाल वाचून पट्टा सांगायचा, या माणसाचा पाय किती वेगानं उठतो. तेही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

पण वेगवान म्हणजे कुणापेक्षा? मापाला शून्य कुठंतरी धरावं लागतं. त्यासाठी पट्ट्याबरोबर एक पेटी यायची. तिच्यात लाकडी पाय आणि पितळी वजन. वजन खाली पडलं की लाकडी पाय ठरलेल्या वेळात उठायचा, तो शून्य. रोज सकाळी वीस मिनिटांचं काम. माहितीपुस्तकात मात्र खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की पेटी हाताशी नसल्यास अनुभवी चालकाचा पाय शून्य धरला तरी चालेल. अख्ख्या पुस्तकातलं अण्णांनी हेच एक वाक्य वाचलं. पेटी पहिल्याच आठवड्यात माळ्यावर गेली, आणि रोज सकाळी शटर वर केलं की अण्णा पट्टा स्वतःच्या डाव्या पायाला बांधून तीनदा पेडल सोडू लागले. मशीन तेच शून्य धरायचं. त्याहून चटकन उठणारा पाय अधिक, सावकाश उठणारा वजा.

उद्यमनगरात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लोखंडाच्या रसाचा रंग बघून तापमान सांगणारे ओतारी जिथं अजून आहेत, तिथं मगदूम अण्णांच्या पायावर शंका कोण घेणार? आणि अण्णांना तरी पायाशिवाय दुसरं काय होतं मिरवायला?

"राजुल, मॅडमची गाडी जरा फिरवून आण," अण्णांनी आत हाक दिली.

त्यांची मुलगी हात पुसत बाहेर आली. सव्वीस वर्षांची, अंगकाठी बापासारखीच सडपातळ. घाटातल्या शर्यतींत गेली दोन वर्षं पहिली येत होती, आणि येत्या रविवारी पुन्हा उतरणार होती. किल्ली झेलून ती गाडीत बसली. "शिरोलीपर्यंत जाऊन येते, पप्पा," म्हणाली आणि गेली.

अण्णांनी नसीमला खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. तिनं तीनदा पेडल दाबून सोडलं. पडद्यावर आकडा उमटला. अधिक अकरा.

"बघा!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "अकरा! अहो, पाय सोडताय का गोफण? म्हणूनच गाडीला प्लेट मानवंना. हिला आता सगळ्यात कडक प्लेट लागणार. त्या बॅटरीच्या गाड्यांनी डावे पाय बिघडवून ठेवलेत सगळ्यांचे."

"मी आयुष्यात बॅटरीची गाडी चालवलेली नाही," नसीम म्हणाली.

"मग हवा लागली असंल."

नसीमला हसू आलं नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तिची मापं तपासायची प्रयोगशाळा होती. कारखान्यातल्या गेजपासून वजनकाट्यापर्यंत सगळं तिच्याकडं तपासून घ्यायला यायचं. दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढणं हाच तिचा धंदा, त्यामुळं आकडा दिसला की ती आधी त्याच्याकडं संशयानंच बघायची.

"गेल्या दिवाळीत माझा आकडा एक होता," ती म्हणाली. "मार्चमध्ये सहा. आता अकरा. एवढा कसा बदलेल माझा पाय? बाकीच्या गिऱ्हाइकांचे आकडे दाखवा बघू."

"दाखवतो की. सगळा गावच बिघडलाय, तुम्ही एकट्या थोड्याच?"

अण्णांनी पडदा तिच्याकडं वळवला. नसीम एकेक नाव वर सरकवत गेली. दिवाळीत कुणी एक, कुणी वजा एक, कुणी दोन. मार्चमध्ये पाच, सहा, सात. आता दहा, बारा, अकरा. सांगलीचे सत्तरीचे निवृत्त मास्तर, तेही अकरा. इचलकरंजीच्या डॉक्टरीणबाई दहा. तिनं यादी खालपर्यंत नेली, पुन्हा वर आणली आणि खुर्चीत जरा सरळ बसली.

"अण्णा, यातल्या कितीजणांनी प्लेट कडक लागली म्हणून तक्रार केली?"

अण्णांनी टोपी सारखी केली. "हाय, चार-पाच जणांची कुरकुर हाय. लोकांना सवय नसतीय नव्हं."

"राग मानू नका. माझ्याकडं एखाद्या कारखान्याचे सगळे शाफ्ट एकाच बाजूला आणि तेवढेच चुकलेले आले, तर मी शाफ्ट परत पाठवत नाही. आधी ज्या गेजनं मोजलेत, ते गेज तपासते."

अण्णांना हे कळायला एक क्षण लागला. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे? माझा पाय चुकलाय? काय सांगालाय मॅडम! तुम्ही शाळेत होता तेव्हापासून हा पाय क्लचवर हाय. ह्या पायानं आजवर एक प्लेट चुकीची दिली न्हाई!"

"तसं मी म्हणत नाही, पण..."

"पण काय? थांबा, तुमचं तोंडच बंद करतो." अण्णांनी पडदा आपल्याकडं ओढला आणि जोरजोरात बोटं आपटत एक नाव काढलं. "ही आमची राजुल. माझ्यानंतर रोज सकाळी तीपण पट्टा बांधती. आता वाचा. दिवाळी, शून्य. संक्रांत, एक. मार्च, शून्य. जून, शून्य. आज सकाळी, शून्य! माझा पाय बिघडला असता तर हिचापण आकडा वाढला असता का नसता? सव्वीस वर्षांची पोरगी, घाटात पहिली येणारी. तिचा पाय आणि माझा पाय, एक तसूभर फरक न्हाई. आता बोला!"

अण्णा छाती पुढं काढून उभे राहिले. एवढा बिनतोड पुरावा आपल्या तोंडून कसा निघाला, याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

नसीमनं पडदा पुन्हा आपल्याकडं वळवला. तिनं राजुलचे आकडे पुन्हा वाचले, अगदी सावकाश. तिचा चेहरा उतरला. अण्णांना वाटलं, हरली बाई.

"ती पेटी आहे अजून तुमच्याकडं?" तिनं हळूच विचारलं. "लाकडी पायाची?"

"माळ्यावर हाय. घ्या, तीपण हौस फेडून घ्या!"

अण्णा शिडीवर चढले. प्रत्येक पायरीला त्यांचा डावा पंजा आधी कडेला अडकत होता, मग वर येत होता. नसीम खालून बघत होती आणि तिला ते बघवत नव्हतं.

पेटीवर बोटभर धूळ होती. दोघांनी मिळून लाकडी पाय उभा केला, त्याला पट्टा बांधला, पितळी वजन अडकवलं. नसीमनं खटका ओढला. वजन खाली गेलं, लाकडी पाय उठला, आणि पडद्यावर आकडा आला. अधिक अकरा.

"परत," अण्णा म्हणाले.

अकरा. तिसऱ्यांदाही अकराच.

अण्णा त्या पितळी गोळ्याकडं बघत राहिले. लोकांना हवा लागली असेल, लोक बिघडले असतील, पण पितळ? पितळेनं काय बॅटरीची गाडी चालवली होती?

नसीमनं वजनाचं शून्य धरून मशीन नव्यानं लावलं. पट्टा स्वतःला बांधला. शून्य. मग तिनं तो अण्णांपुढं धरला. त्यांनी मुकाट्यानं बांधून घेतला, पेडल दाबलं, सोडलं. वजा अकरा. त्यांनी दात आवळून पुन्हा सोडलं, सगळा जीव पंजात गोळा करून. तरीही वजा दहा.

"मॅडम, म्हणजे..." त्यांनी पट्टा सोडून ठेवला. "म्हणजे लोकांचे पाय होते तसेच हायत. माझाच मागं पडालाय."

"हो अण्णा. वर्षभरात हळूहळू. रोज सकाळी तुम्ही त्यालाच शून्य म्हणत गेलात, म्हणून कळलं नाही."

"सगळ्यांना चुकीच्या प्लेटा दिल्या मी." ते स्टुलावर बसले. वर्षभर ज्यांना हसलो, ज्यांना गोफण म्हणालो, ते सांगलीचे मास्तरसुद्धा बरोबर होते. शरमेनं त्यांना मान वर करवेना. "तुमची मऊ प्लेट आजच बसवतो. बाकीच्यांना एकेकाला बोलवून घेतो, पाया पडतो. माझं काय, म्हातारपण आलं म्हणायचं. आता हितनं पुढं राजुलच्या पायावर..."

तिथं ते थांबले.

राजुल रोज शून्य. अण्णांच्या पायाशी तंतोतंत शून्य. आणि अण्णांचा पाय वर्षभर घसरत आलेला.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई न्हाई. ती तरणी पोर हाय. ती शर्यती जिंकती!"

नसीमनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वर्षानुवर्षं ओळख असून तिनं असा हात कधी ठेवला नव्हता.

"आकड्यांत सगळं गाव तुमच्यापासून लांब गेलं, अण्णा. लांब गेली नाही ती फक्त राजुल. तुमच्याच वेगानं ती तुमच्याबरोबर चाललीय."

अण्णांनी पेडलच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरला. आता इतकी साधी गोष्ट कुणाला कळू नये? अर्ध्या तासापूर्वी हेच आकडे आपण छाती फुगवून वाचून दाखवत होतो! त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मी डॉक्टर नाही," नसीम म्हणाली. "नुसत्या आकड्यावरून रोगाचं नाव काढता येत नाही, आणि मी काढणारही नाही. पण नसांचे काही आजार घराण्यात उतरतात, एवढं मला माहीत आहे. आता त्यांवर इंजेक्शनं आलीत. माझ्या मावसबहिणीला चालू आहेत. गेलेलं परत आलं नाही तिचं, पण पुढचं थांबलंय. लवकर सापडलं म्हणून थांबलं. तुमचं तर अजून कुणाच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही, इतकं लवकर सापडलंय."

अण्णांनी मान हलवली, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. गणपतीपासून त्यांच्या डाव्या पायातली चप्पल चालताना निसटायची. चप्पल लाइनीत जाऊन त्यांनी कारागिराला चार शब्द सुनावले होते, दोनदा जोड बदलून आणला होता. घरात कुणाला बोलले नव्हते. एवढ्याशा गोष्टीत बोलायचं काय?

तेवढ्यात बाहेर गाडी गचके देत थांबली. राजुल हसत आत आली.

"पप्पा, भलतीच कडक प्लेट बसवलीय की आपण हिला! मॅडम, तुम्ही रोज चालवता कशी ही? पाठ मोडली माझी." तिनं किल्ली टेबलावर ठेवली, मग लाकडी पायाकडं तिचं लक्ष गेलं. "हे काय माळ्यावरनं काढलंय? आणि तुम्ही असे का बसलाय?"

अण्णांनी तोंड उघडलं. बरंच काही सांगायचं होतं. रविवारची शर्यत, दवाखाना, इंजेक्शनं. त्यातलं एकही बाहेर येईना. समोर त्यांची पोर उभी होती, धडधाकट, गालाला ग्रीस लागलेली, आणि तिला पट्टा बांध म्हणून सांगायचा त्यांना धीर होत नव्हता.

"राजू," शेवटी ते म्हणाले, "चालताना डाव्या पायातली चप्पल निसटती का गं तुझी?"

राजुलचं हसू तिथंच विरलं. तिनं एकदा नसीमकडं पाहिलं, मग खाली आपल्या पायांकडं. डाव्या चपलेच्या अंगठ्याला तिनं दोऱ्याचे दोन वेढे घट्ट आवळून बांधलेले अण्णांना आत्ता दिसले. मग तिची नजर सरकत सरकत बापाच्या पायांवर आली आणि तिथंच खिळली.

"तुमचीपण, पप्पा?"